नेमबाजीची सुरुवात: आधी रेंज, मग बंदूक

छंद म्हणून नेमबाजी सुरू करायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कोणती घेऊ?’ माझं उत्तरही ठरलेलं आहे. निदान पहिले दोन-तीन महिने काहीही घेऊ नका. बंदूक अंगाला बसावी लागते, आणि ती बसते की नाही हे दुकानात उभं राहून कळत नाही. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या राखीव जागेवर, क्लबच्या तीन-चार वेगवेगळ्या बंदुका हाताळा, प्रत्येकीने शे-दोनशे छर्रे मारा. मान कुठे अवघडते, ट्रिगर जड जातो की हलका वाटतो, आणि मुळात आपला जीव रायफलमध्ये रमतो की पिस्तुलात, हे आपोआप उमगायला लागतं. त्याआधी हौसेने घेतलेली महागडी बंदूक बहुतेक वेळा कपाटात पडून राहते, नाहीतर तोट्यात विकावी लागते.

शिवाय कायदा आहेच. परवाना, एअर गनच्या ताकदीवरची मर्यादा, वयाची अट, काडतुसं किती बाळगायची, बंदूक कशी न्यायची, हे सगळं देशागणिक वेगळं असतं. ‘अमक्याला तर सहज मिळाली’ हा काही आधार नव्हे. मान्यताप्राप्त क्लबात नाव घाला, तिथली जुनी मंडळी कागदपत्रांचा रस्ता नीट सांगतात.

आधी सुरक्षितता, आणि तीही सवयीची

जेफ कूपर या अमेरिकन प्रशिक्षकाच्या नावाने ओळखले जाणारे चार नियम जगभरच्या रेंजवर शिकवले जातात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. जे उद्ध्वस्त झालेलं चालणार नाही, त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम लक्ष्यावर येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. आणि लक्ष्य कोणतं आणि त्याच्या मागे काय आहे, हे पक्कं माहीत असल्याशिवाय बार काढायचा नाही.

नियम वाचायला दोन मिनिटं लागतात, अंगात मुरायला महिने. म्हणून पहिल्या दिवसापासून एक क्रिया ठरवून करा. बंदूक हातात घेतली की नळी लक्ष्याच्या दिशेने, मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) बाहेर, बोल्ट किंवा स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे, मग चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, डोळ्यांनी पाहायचं आणि उजेड कमी असेल तर करंगळीने चाचपायचं. दुसऱ्याने ‘आत्ताच बघितली, रिकामी आहे’ असं सांगितलं तरी हेच. कोणी तुमच्यासमोर पुन्हा तपासली तर तो अविश्वास नसतो. उलट जो तपासत नाही, त्याच्या शेजारी मी उभा राहत नाही.

चौथ्या नियमाकडे नवखे सर्वांत जास्त काणाडोळा करतात. .२२ चं, म्हणजे ०.२२ इंची मापाचं, काडतूस बोटाच्या पेराएवढं दिसतं, आवाजही फारसा नसतो, पण त्याची गोळी योग्य कोनात सुटली तर दीड मैल, म्हणजे सुमारे २.४ किलोमीटर जाऊ शकते. त्यामुळे मागे मातीचा भक्कम बांध किंवा गोळी अडवणारी खास भिंत नसेल, तर ती जागा नेमबाजीची नव्हेच. दगड, पाणी, लोखंडी पत्रा यांवरून गोळी उसळून कुठेही जाते. एअर गनलाही खेळणं समजू नका. ४.५ मिलिमीटरचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो.

रेंजवर हुकूम मोजकेच असतात. ‘लोड’ म्हटल्यावर भरायचं, ‘स्टार्ट’ म्हटल्यावर मारायचं, ‘स्टॉप’ म्हटल्याक्षणी थांबायचं, ‘अनलोड’ म्हटल्यावर रिकामी करून सेफ्टी फ्लॅग घालायचा. हा फ्लॅग म्हणजे नळीत सरकवायची भडक रंगाची दोरी. तिची टोकं बाहेर दिसली की बंदूक रिकामी आहे हे लांबूनही कळतं. कोणी पुढे टार्गेट बदलायला गेलं असेल तर आपल्या बंदुकीला हातसुद्धा लावायचा नाही. आणि धोका दिसला तर ‘स्टॉप’ ओरडायचा हक्क पहिल्या दिवशी आलेल्यालाही असतो. लाजू नका.

काडतूस फुटलं नाही तर लगेच बोल्ट उघडू नये. कधीकधी दारू उशिरा पेट घेते, म्हणून नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबायचं. याहून फसवा प्रकार म्हणजे आवाज नेहमीपेक्षा दबका येणं, ‘फुस्स’ झाल्यासारखं. अशा वेळी गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फाटते. तिथल्या तिथे थांबायचं, रिकामी करायची, नळी आरपार दिसते का ते बघायचं.

कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण ऐच्छिक नाही. .२२ चा आवाजही १४० डेसिबलच्या आसपास जातो, मोठ्या पिस्तुलाचा १५५ च्या पुढे, आणि गेलेलं ऐकू परत येत नाही. बंदिस्त रेंजवर बोळे आणि त्यावर इअरमफ असं दोन्ही वापरा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा रेंजवर खायचं-प्यायचं नाही, ते तोंडात धरायचे नाहीत (धरणारे असतात!) आणि निघताना साबणाने हात धुवायचे.

रायफल की पिस्तूल?

नव्या माणसाला मी दहा मीटर एअर रायफलवर उभं करतो. पिस्तूल कमी दर्जाचं आहे म्हणून नव्हे, तर ते चुका माफ करत नाही म्हणून. यामागचं गणित एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या खुणांमध्ये, साधारण तीस सेंटिमीटर अंतर असतं. पुढच्या साइटचं टोक मागच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकलं, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे ३३ मिलिमीटर बाजूला जातो. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे मधोमध जाणारा शॉट थेट सहावर. आता दुसरी चूक पाहा. साइट अचूक जुळलेल्या आहेत, पण अख्खा हात एक सेंटिमीटर बाजूला गेला. तर छर्राही सेंटिमीटरभरच बाजूला जातो आणि नऊ मिळतो. म्हणजे हाताचं हलणं स्वस्तात पडतं, साइटचा कोन बिघडणं महागात. रायफलमध्ये दोन साइटमधलं अंतर बरंच जास्त असतं, बंदूक खांद्याला आणि गालाला टेकलेली असते, त्यामुळे कोनाची चूक मुळातच लहान राहते.

तरीही तुमचं मन पिस्तुलातच असेल तर तेच धरा. दोन्ही थोडं थोडं करून दोन्हीत अडकणारे बरेच पाहिले आहेत.

एअर, .२२ की त्याहून मोठं?

एअरपासून सुरुवात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आवाज नाही, धक्का जवळपास नाही, छर्रे स्वस्त. त्यामुळे एका बैठकीत साठ शॉट निवांत होतात आणि प्रत्येक चूक उघडी पडते. एअर गनमध्ये तीन प्रकार मुख्य. स्प्रिंगची बंदूक नळी मोडून किंवा दांडा ओढून भरतात. ती स्वस्त आणि दणकट, पण आतला पिस्टन आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका देतो. तिला आवळून धरलं तर ती रुसते, हलक्या हाताने टेकवावी लागते. साधी दुर्बीणही तिच्यावर टिकत नाही, एअर गनसाठी बनवलेलीच लावावी. सीओटूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारी, बंदूक सोयीची, पण हवामान थंड झालं की वायूचा दाब उतरतो आणि छर्रे खाली पडू लागतात. तिसरी, आधीच दाबलेल्या हवेची पीसीपी. स्पर्धेत आज हीच दिसते. टाकी साधारण २०० बार इतक्या दाबापर्यंत भरतात, झटका नगण्य आणि प्रत्येक शॉटचा वेग सारखा. क्लबात शिकायला मिळाली तर हीच घ्या. जुनी विकत घेताना मात्र टाकीवरची तारीख आवर्जून वाचा. कंपन्या टाक्यांना मुदत घालून देतात, ती साधारण दहा वर्षांची असते.

एअरवर हात बसला की पुढची पायरी .२२ रिमफायरची, म्हणजे ज्याच्या कडेवर ठोका बसतो त्या काडतुसाची. ऑलिंपिकमधली ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल याच काडतुसावर चालतात. मोठ्या सेंटरफायर (काडतुसाच्या मध्यभागी ठोका बसणाऱ्या) बंदुकांकडे जायची घाई कशाला? ९ मिलिमीटरचं पिस्तूल वाईट नाही, पण त्याचा धक्का आणि आवाज नवख्याला डोळे मिटायला शिकवतो, आणि ती सवय मोडायला जितका वेळ लागतो तेवढ्यात .२२ वर पुष्कळ शिकून झालं असतं. रिव्हॉल्व्हर की सेमी-ऑटोमॅटिक हा वादही तेव्हाच घाला. तोवर एवढं पुरे की रिव्हॉल्व्हर भरलेलं आहे का हे चक्र उघडलं की दिसतं, तर सेमी-ऑटोमॅटिकमध्ये मॅगझिन काढल्यावरही एक काडतूस चेंबरमध्ये राहू शकतं. अपघातांच्या गोष्टींत हे एक काडतूस वारंवार भेटतं.

अंगाला बसते का, हे कसं पाहायचं

डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. मान न वळवता डोळा साइटच्या मागे आला असेल तर माप बरोबर. मान पुढे ताणावी लागली तर दस्ता लांब आहे, नाक अंगठ्यावर आपटत असेल तर आखूड. स्पर्धेच्या रायफलमध्ये गालाची पट्टी आणि मागचा भाग हलवता येतो, म्हणून ती सगळ्यांना बसवता येते. वजनाचाही विचार करा. नियमाप्रमाणे एअर रायफल ५.५ किलोपर्यंत चालते, पण तेवढी पेलायची गरज सुरुवातीला कोणालाच नसते.

पिस्तुलात मूठ हे सर्वस्व. हाताची खाच, अंगठा आणि तर्जनीमधली, जितकी वर बसेल तितकं चांगलं, आणि बोटाचं पहिलं पेर आपसूक ट्रिगरवर पडायला हवं. एअर पिस्तूल १.५ किलोपर्यंत असू शकतं आणि त्याचा ट्रिगर सुटायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागावा असा नियम आहे. तो याहून हलका करून देतो म्हणणाऱ्या हौशी मिस्त्रीपासून लांब राहा.

आणि डोळा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, तिच्यातून दूरची एखादी वस्तू पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते, तो तुमचा प्रबळ डोळा. हात उजवा आणि डोळा डावा असेल तर घाबरू नका. रायफल डाव्या खांद्यावर घेणं सुरुवातीला अवघड वाटतं, पण कोऱ्या पाटीवर ते लवकर जमतं. हंगेरीच्या कारोली टाकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये ग्रेनेड फुटून निकामी झाला. डाव्या हाताने शिकून त्यांनी १९४८ आणि १९५२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं रॅपिड फायर पिस्तुलात मिळवली.

नेम न धरणारा डोळा मात्र घट्ट मिटू नका, ताण दुसऱ्या डोळ्यावरही येतो. त्याच्यासमोर पांढरट पट्टी लावायची, म्हणजे उजेड सारखा राहतो. तुर्कस्तानचे युसुफ दिकेच २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये साध्या चष्म्याने, दोन्ही डोळे उघडे ठेवून उभे राहिले आणि मिश्र सांघिक रौप्य घेऊन गेले. त्यांची नक्कल करायला जाऊ नका, पण उपकरणांची यादी किती लांबवायची याचा अंदाज त्यावरून घ्या.

पहिला शॉट

उभं राहायची रीत अशी. पाय खांद्याइतके फाकलेले, रायफलसाठी शरीर लक्ष्याला जवळपास आडवं. डाव्या हाताचं कोपर बरगडीवर किंवा कमरेच्या हाडावर टेकवा, म्हणजे वजन हाडांवर येतं, स्नायूंवर नाही. पिस्तुलासाठी एकच हात सरळ, दुसरा खिशात किंवा पट्ट्यात अडकवून शांत ठेवलेला.

आता डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. नळी लक्ष्याच्या डावीकडे गेलेली दिसली तर हाताने ओढून मधे आणू नका, मागचा पाय थोडा सरकवा. शरीर आपणहून लक्ष्याकडे बघायला लागेपर्यंत हे करत राहा. हाताने ओढलेला नेम बार निघताना मूळ जागी परततो, आणि शॉट डावीकडेच जातो.

पिस्तुलात पुढच्या साइटचं टोक मागच्या खाचेत मधोमध, माथे एका रेषेत, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. नजर पुढच्या साइटवर. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. ते स्वच्छ दिसत असेल तर साइट धूसर झाल्या आहेत. रायफलमध्ये मागच्या छिद्रातून पुढची रिंग आणि रिंगमध्ये काळा गोल. नवखे लोक अचूकतेच्या हौसेने लहान रिंग घालतात आणि मग ती सारखी काळ्याबाहेर जाते म्हणून वैतागतात. मोठी रिंग घाला, काळ्याभोवती पांढरी कड मोकळी दिसू द्या.

नळी हलणारच. कोणाचीच पूर्ण स्थिर राहत नाही. सगळा घोटाळा इथे होतो: नेम मधोमध आलेला दिसला की ‘आत्ता!’ म्हणून बोट ट्रिगरला झटका देतं, आणि त्या झटक्यात नळी मूळच्या हालचालीपेक्षा दुप्पट हलते. हालचाल चालू राहू द्या. अर्धा श्वास सोडून थांबा, बोटाच्या पहिल्या पेराने ट्रिगर सरळ मागे, हळूहळू वाढत्या दाबाने घ्या. बार नेमका कधी निघाला हे तुम्हालाही किंचित अनपेक्षित वाटलं पाहिजे. सात-आठ सेकंदांत निघाला नाही तर बंदूक खाली घ्या. ही माघार नव्हे, साठ शॉटना ७५ मिनिटं असतात.

बार निघाल्यावरही सेकंदभर नेम तसाच धरायचा. शॉट सुटला त्या क्षणी साइट कुठे होती हे आठवून, टार्गेट न पाहता, स्वतःशी म्हणा: ‘नऊ, उजवीकडे.’ मग बघा. अंदाज जुळायला लागला की तुम्ही शिकताय असं समजा, गुण कितीही असोत.

आणि बोटाबद्दल अजून एक. नेम धरण्याआधी ट्रिगरवर गेलेलं बोट मोठमोठ्यांनाही सोडत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकाराच्या) अंतिम फेरीत शेवटच्या शॉटपर्यंत पुढे होता. नळी खाली आणताना बोट ट्रिगरला लागलं, ४.४ पडले आणि तो थेट चौथ्या क्रमांकावर गेला.

ग्रुप आधी, दहा नंतर

पहिले काही आठवडे गुण मोजू नका. एकाच जागी नेम धरून पाच शॉट मारा आणि भोकं किती जवळ आहेत ते पाहा. हा घोळका, म्हणजेच ग्रुप, डावीकडे खाली असला तरी लहान असेल तर उत्तम, साइट फिरवून तो मधे आणता येतो. पसरलेला असेल तर साइट फिरवून काही होत नाही. एका शॉटवरून साइट फिरवणारा माणूस दिवसभर स्वतःच्याच मागे धावतो. मागची साइट ज्या दिशेला हलवाल त्याच दिशेला छर्रा जातो, एवढं लक्षात ठेवा.

घोळक्याचा आकार बोलतो. उभी रांग दिसली तर श्वास दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबतोय. उजव्या हाताच्या पिस्तूलवाल्याचे शॉट डावीकडे खाली जात असतील तर तो धक्क्याची वाट पाहून मनगट आधीच दाबतोय. याची खातरजमा करायची तर मित्राला तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये खोटी काडतुसं मिसळायला सांगा. खोट्यावर नळी खाली डुचकली, की दुसरा पुरावा नको.

छर्रेही तपासून घ्या. टार्गेटसाठी सपाट डोक्याचे, कारण ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात. ४.४९, ४.५०, ४.५१ अशा सूक्ष्म मापांत ते मिळतात आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. पण घोळका आवळायला लागेपर्यंत यात पैसे घालू नका.

घरचा सराव

निम्मी नेमबाजी घरी, छर्ऱ्याविना होते. भिंतीवर छोटं टार्गेट लावायचं, बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची, छर्रे आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायची, आणि तरीही नळी अशाच भिंतीकडे ठेवायची जिच्यामागे कोणी नाही. मग उचला, नेम, ट्रिगर, थांबा, खाली. रोज पंधरा मिनिटं पुरतात. स्पर्धेच्या एअर गनमध्ये यासाठी वेगळी सोय असते. स्प्रिंगची बंदूक छर्ऱ्याविना कधीही मारू नका, पिस्टन आतल्या आत आपटून खराब होतो. जुन्या .२२ मध्येही सुईचा ठोका चेंबरच्या कडेवर बसतो, म्हणून त्यासाठी मिळणारी नकली काडतुसं घाला.

देखभालीत उत्साह कमी बरा. तेल नको तिथे घातलं की एअर गनमध्ये ते दाबाखाली पेट घेऊ शकतं, तेव्हा कंपनीने सांगितलेलंच वंगण वापरा. काम झालं की बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा.

पहिली स्पर्धा

सहा महिन्यांनी एखाद्या लहान स्पर्धेत नाव द्या, तयारी नसली तरी. तासभर आधी पोहोचा, कारण बंदूक, ट्रिगरचं वजन, जॅकेटची जाडी हे सगळं तपासून घ्यावं लागतं आणि रांग असते. हवेची टाकी भरलेली, जादा छर्रे, छोटा स्क्रू ड्रायव्हर पिशवीत. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला आणि दुरुस्तीत मिनिटं गेली, ती शेवटी फेरीतून बाहेर पडली. सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत हवे तेवढे सराव शॉट मारता येतात, त्यात साइट बसवून घ्या. पहिले दहा शॉट छाती धडधडतच जातील, ते सगळ्यांचेच जातात.

आणि प्रत्येक शॉटआधी समोरच्या टार्गेटवरचा आकडा वाचा. तोच एमन्स २००४ मध्ये अथेन्सला, त्याच प्रकारात, तीन गुणांनी पुढे असताना शेवटचा शॉट शेजारच्याच्या टार्गेटवर मारून बसला. त्याला शून्य मिळालं आणि तो पहिल्यावरून आठवा झाला.